दोनशे पावलांवरचं टपाल

वासुदेव मास्तर गेल्याचं मला चिखलीच्या धान्यबाजारात कळलं. मी तुरीचा भाव विचारत उभा होतो. आमच्या जुन्या गावचा एक शेतकरी गाडीवरून उतरता उतरता म्हणाला, "हेडमास्तर, तुमचे वासुदेव मास्तर गेले ना हो! ताप भरला होता, आठ दिवसांत आटोपलं." मी "अरेरे" म्हणालो, डोक्यावरची टोपी काढली, दोन वाक्यं बोललो. पण आत जे झालं ते आधी लिहितो, नाहीतर पुढचं काही लिहिता यायचं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. आता विचारणारा कोणी उरला नाही, असं वाटलं.

पुढच्या आठवड्यात गावच्या शाळेत शोकसभा झाली. जुना हेडमास्तर म्हणून अध्यक्ष मीच. मी म्हणालो, छकड्याच्या चाकाखाली उजवा हात सापडून निकामी झाला, तरी या माणसानं डाव्या हातानं पंधरा वर्षं फळा भरला. लोक हळहळले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. घरी येऊन ताटावर बसलो आणि तसाच उठलो. छकड्याची गोष्ट खोटी आहे. वासुदेव स्वतः ती पंधरा वर्षं सांगत आला, पण त्याला सांगण्याचं कारण होतं. मला नव्हतं. मी फक्त त्याच्या खोटेपणाच्या सावलीत बसून राहिलो होतो... म्हणून तो हात कसा गेला ते आज लिहितो आहे. यातली मुलगी सरू आणि तिचा भाऊ किसन, ही नावं त्यांची नव्हेत. गावाचं नाव लिहीत नाही. धामणगाव बढ्यापासून काही कोसांवर आहे, एवढं पुरे.

शाळा दोन खोल्यांची, वर्ग चार, मास्तर दोन. बाजूला एक अरुंद खोली, तिच्यात पोस्ट. खेड्यात पोस्टाचा बाबू वेगळा कुठला? हेडमास्तरच शिक्के मारी आणि खिडकीतून टपाल देई. मी शाळेत छडीसाठी प्रसिद्ध होतो. निरगुडीच्या फोका भिजत घालून ठेवायचो, म्हणजे लवतात आणि मोडत नाहीत. किसन दुसरीत असताना त्याला दिडकीचा पाढा येईना. मी त्याला ओणवा केला आणि विचारत गेलो, तो चुकत गेला, मी मारत गेलो. शेवटी त्याचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. कानातून रक्त आलं. पोरगं उभ्या उभ्या मुतलं, आणि मी वर्गाला हसायला सांगितलं. वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून किसन शाळेत आला नाही. त्याचा बाप पंचवीस-तीस एकरांचा धनी, स्वतः अंगठा उठवणारा, तो मला रस्त्यात भेटून म्हणाला, "जाऊ द्या मास्तर. नांगराले कायले पाह्यजे पाढे?" मला कोणी बोल लावला नाही. मीही नाही.

पुढे दहा वर्षांनी वासुदेव आमच्याकडे बदलून आला. कुणब्याचा पोर, काळासावळा, किडकिडीत, बोलणं सगळं वऱ्हाडी. ट्रेनिंगला जायला घरून मोकळीक नाही, म्हणून त्यानं एका दूरच्या पत्रशाळेत नाव घातलं होतं. दर पंधरा दिवसांनी छापील पाठ येई, शेवटी प्रश्न असत. तो उत्तरं लिहून पाठवी, आणि ती तांबड्या शाईनं तपासून परत येत. मुलांना कसं शिकवावं हे त्याला न पाहिलेला एक माणूस शेकडो मैलांवरून शिकवत होता. मी खिडकीतून पाकीट देताना म्हणायचो, "घ्या, तुमच्या गुरूंचा आशीर्वाद आला." तो हसायचा. एकदा पाकीट फोडता फोडता म्हणाला, "हेडमास्तर, दोन वर्सं झाली शिकून राह्यलो. एक चापट नाही, कान धरनं नाही. तरी येते ना मले! मंग आपन काऊन मारतो हो पोराइले?"

त्यानं ती रीत वर्गात आणली. दोन इयत्ता एका खोलीत, म्हणून एकीला तो तोंडी शिकवी आणि दुसरीला हातानं लिहिलेले पाठ वाटून देई. पोरं आपापली उत्तरं लिहून रॉकेलच्या कापलेल्या डब्यात टाकत, सकाळी ती तांबड्या शाईत परत मिळत. कापूसवेचणीला जी पोरं महिना महिना गायब होत, ती आता पाठ बरोबर नेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून लिहीत आणि बाजाराच्या दिवशी आणून देत. त्याच्या खोलीत आवाजच नसे. गावात कुरकुर सुरू झाली. "शाळा हाय का मसनवट? पोरं वरडत काऊन नाही?" असं एकानं मला विचारलं, आणि मला बरं वाटलं.

सरू किसनची धाकटी बहीण. चौथी झाली आणि तिला घरी बसवली. गणितात तिच्यासारखं पोर मी पाहिलं नाही. मास्तरानं तिच्या घरी जायचं नाही, तिनं शाळेत यायचं नाही... वासुदेवनं मार्ग काढला. तिचं घर शाळेपासून दोनशे पावलांवर. त्यानं पाठ लिहिला, पाकिटात घातला, तिकीट लावलं आणि आमच्याच पेटीत टाकला. मी त्यावर शिक्का मारला आणि पोस्टमननं तो तिच्या दारी दिला. तिची आई सामील होती. उत्तरंही तशीच तिकीट लावून येत. शाळेत मी थट्टा केली, "अरे, इथून हाक मारली तर ऐकू येईल, आणि तू टपाल टाकतोस?" तो म्हणाला, "हाक मारता येत नाही ना तिले. मंग हे दोनशे पावलं मुंबईपेक्षा लांब झाले." मग माझ्यापुढं हात जोडून म्हणाला, "फक्त एक करा. पाकीट तिच्या मायच्याच हाती पडू द्या. बाप-भावाले माहीत नाही अजून." मी शब्द दिला. वर्षभर पाळलाही.

त्या वर्षी डिप्टीसाहेब तपासणीला आले. माझ्या वर्गात त्यांनी एका पोराला फळ्याशी बोलावलं आणि खडू द्यायला हात वर केला. पोरानं डोक्यावर दोन्ही हात घेतले आणि खाली बसला. साहेबांनी आधी त्याच्याकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं. वासुदेवच्या खोलीतून बाहेर आल्यावर सगळ्यांदेखत म्हणाले, "हेडमास्तर, तासभर यांच्या वर्गात बसत जा." ते गेल्यावर मी त्या पोराला धरला. किती मारलं मोजलं नाही. पाठ फुटली, मी थांबलो नाही. वासुदेव धावत आला आणि त्यानं वरच्यावर माझी फोक धरली. मी ओढली, त्यानं सोडली नाही. चाळीस पोरं बघत होती. "बस झालं," तो हळूच म्हणाला. "मेलं असतं ते." फोक त्याच्या हातात राहिली. तो उजवाच हात होता.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी किसन पोस्टाच्या खिडकीशी आला. वीस वर्षांचा, पैलवानी अंगाचा. बापाचं अडत्याकडून येणारं पत्र विचारायला आला होता. ते दिलं. सरूच्या नावाचं पाकीट गठ्ठ्यात वरच होतं. मी ते उचललं आणि त्याच्यापुढं सरकवलं. चुकून नव्हे. "हे सरूचं. वासुदेव मास्तरचं आहे," मी म्हणालो, "दर पंधरा दिवसांनी असतं." त्याचा चेहरा कसा बदलत गेला ते मी बघत राहिलो. त्यानं पाकीट फाडलं, कागद उलटा धरला, सुलटा धरला. मग तो कागद माझ्यापुढं केला. "वाचा बरं मास्तर. काय लिव्हलं हाय?"

मला ते एका नजरेत दिसलं. अपूर्णांकाची चार गणितं होती. दुसरं काही नव्हतं. चार गणितं वाचून दाखवायला कितीसा वेळ लागतो? आणि ज्याला ती वाचता येत नव्हती, त्याला मीच शाळेतून रक्त काढून पिटाळलं होतं... हे त्या क्षणी मला आठवलं. आठवूनही मी कागद परत सरकवला आणि म्हणालो, "मी नाही वाचत बाबा. तुमच्या घरच्या अब्रूची गोष्ट आहे."

खोटं एक अक्षर मी बोललो नाही. पुष्कळ वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो.

ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले. किसन आणि त्याचे तिघे चुलतभाऊ, हातांत गाडीच्या उभाऱ्या, कडेला खोचतात ते जाड दांडके. वासुदेवला वर्गातून फरपटत ओट्यावर आणलं. पहिला तडाखा तोंडावर बसला, दात पडले. तो "ऐका तं... गनित हाय हो, गनित!" असं ओरडत होता आणि त्याच्या तोंडातून रक्ताचे फुगे येत होते. "गनिताले तिकीट लागते काय बे?" किसन म्हणाला आणि त्यानं बरगडीत लाथ घातली. बरगडी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, एवढा मी जवळ होतो. पोरं रडायला लागली, काही दाराकडं धावली. मी काय केलं ते लिहितो. मी दोन्ही खोल्यांची दारं लावली आणि पोरांना म्हणालो, "पाढे म्हणा. मोठ्यानं." बाविसाचा पाढा सुरू झाला. खिडकीतून मला दिसत होतं, बाहेर त्यांनी त्याचा उजवा हात उंबऱ्याच्या दगडावर ठेवला, एकानं मनगटावर पाय दिला, आणि किसननं उभारीच्या बुंध्यानं तो ठेचला. एकदा नाही. पाढा दोनदा म्हणून होईपर्यंत ते चाललं होतं. पोरं किंचाळल्यासारखी म्हणत होती आणि मी हातानं ठेका देत होतो.

घरी सरूला बापानं वेणी धरून अंगणात ओढली. तिची आई मध्ये पडली, तिलाही गुरासारखं मारलं. "गनितं होती म्हन्ते!" असं म्हणत तिच्या वह्या चुलीत घातल्या. आठ दिवसांच्या आत पिंपळगाव राजाकडचं एक स्थळ ठरवून तिला उजवून टाकलं. त्यानंतर एकाही दिवाळीला तिला माहेरी आणलं नाही. आईनं मरताना नाव घेतलं, तरी नाही.

वासुदेवला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. जमादार विचारायला आला तेव्हा तो सुजलेल्या तोंडानं म्हणाला, "छकड्याच्या चाकाखाली आलो." खटला झाला असता तर पोरीचं नाव कचेरीत पुकारलं गेलं असतं. चार महिन्यांनी तो परत आला तेव्हा हाताची बोटं आकड्यासारखी आत वळली होती. पत्रशाळेचा शेवटचा भाग राहिला होता, तो त्यानं डाव्या हातानं लिहून धाडला. तपासून आला त्यावर तांबड्या शाईत शेरा होता, 'उत्तरे चांगली. हस्ताक्षर अगदी बिघडले आहे, हा निष्काळजीपणा बरा नव्हे.' आणि त्याचे गुण कापले होते. मला वाटलं, तो आता फाडेल. तो वाचून हसला, खूप हसला, मग डोळे पुसून म्हणाला, "त्या बिचाऱ्याले कुठून दिसन? लांबून शिकवण्यात हे एक राह्यतेच, हेडमास्तर. उत्तर दिसते, हात दिसत नाही." पुढं तो कोणालाही पाठ धाडी, शेतात गेलेल्या पोराला की आजारी पोराला, तेव्हा पहिला प्रश्न एकच असे, 'आधी तब्येत कशी आहे ते लिही.'

मी छडी सोडली. वर्षभरानं बदली मागून घेतली. लोक म्हणाले, वासुदेव मास्तरांच्या संगतीनं हेडमास्तर निवळले. दोन वर्षांपूर्वी तो चिखलीला माझ्याकडं आला होता. जेवण झालं, सुपारी झाली. मग खाली बघत म्हणाला, "एक इचारू? ते पाकीट तिच्या मायच्या हाती काऊन नाही पडलं?" त्यानं पंधरा वर्षांत एकदाच विचारलं. मी म्हणालो, "पोस्टमनचा काही घोटाळा झाला असेल." त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "असन." आणि पायताण घातलं. तीच आमची शेवटची भेट.

शोकसभेनंतर तिसऱ्या दिवशी मी किसनच्या शेतावर गेलो. तो आता छत्तिशीचा, केस पिकू लागलेले, गव्हाणीपाशी कडबा तोडत होता. मला पाहून कोयता खाली ठेवून पाया पडायला वाकला, तेव्हा मी मागं सरलो. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तो ऐकून उठला. झोपडीत गेला, जमिनीच्या कागदांची पत्र्याची पेटी काढली आणि तळातून तो कागद आणला. "बाप जाळ म्हने. मी ठेवला," तो म्हणाला. "कोनाले वाचाले देऊ? बहिनीचं नाव लोकाइच्या तोंडी कसं देऊ? वाचा आता."

मी वाचलं. 'एका शेतकऱ्याने शेताच्या तीन अष्टमांश भागात कापूस पेरला व एक चतुर्थांश भागात तूर पेरली. तर किती भाग पडीक राहिला?' दुसरं विहिरीच्या पाण्याचं. तिसरं. चौथं. खाली फक्त 'रीत दाखवावी.'

"अन्?"

"संपलं. एवढंच आहे."

त्यानं माझ्या मुस्काटात मारली. एवढ्या जोरानं की मी कडब्यावर पडलो आणि चष्मा गव्हाणीत गेला. कानात बराच वेळ तीच शीळ वाजत राहिली, जी त्याच्या कानात कधीतरी वाजली असेल. त्यानं गव्हाणीत हात घालून चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि माझ्या हातात दिला. "पुन्यांदा वाचा." मी तोंडातलं रक्त थुंकून पुन्हा वाचलं. तिसऱ्या वेळेला तो खाली बसला होता. अक्षरांवरून अंगठा फिरवत म्हणाला, "हे त्याच हातानं लिव्हलं?"

"हो. त्या हाताचं हे शेवटचं असेल."

त्यानं कागद घाईनं माझ्याकडं दिला, चटका बसल्यासारखा. मी म्हणालो, सरूला मी सविस्तर पत्र लिहितो. तो ओरडला, "टपाल नोको! तोंडानं सांगा तिले. परवा बैल जुपतो, माह्यासंगं चला. मी कोन्या तोंडानं सांगू?"

पिंपळगाव राजा ओलांडून दुपारी पोचलो. सरू दारात आली. भावाला ओळखायला तिला वेळ लागला, मला लागला नाही. किसन ओट्याच्या पायरीवरच बसला आणि गुडघ्यात डोकं घालून हुंदके देऊ लागला. मी सांगायला सुरुवात केली. ती चौकटीला हात लावून शेवटपर्यंत ऐकत राहिली. मी मास्तर गेल्याचं सांगितलं तेव्हा तिनं फक्त पदर डोक्यावर ओढून घेतला. वासुदेवच्या हाताची खरी गोष्ट छापायची परवानगी मागितली. "लिव्हा," ती म्हणाली. "तुमी काय केलं ते बी लिव्हा. माहं नाव तेवढं नोको." मग हात पुढं केला. "माह्या नावाचं टपाल हाय ना? द्या मंग."

मी दिलं. ती आत गेली. थोड्या वेळानं सात-आठ वर्षांची एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिनं तो मामापुढं ठेवला आणि आईनं बजावलं असावं तशी माझ्याकडं न बघता परत गेली. दुसरा तांब्या आला नाही. मी ओट्याच्या कडेला उन्हात बसून राहिलो. आतून सरूचा आवाज येत होता. ती सावकाश, एकेक शब्द लावून वाचत होती... शेतकऱ्याने, तीन अष्टमांश, कापूस, तूर...

"आई, कोनाचं पत्र हाय वं?" मुलीनं विचारलं.

वाचणं थांबलं.

"माह्या मास्तरचं," ती म्हणाली. "पाटी आन तुही."